चटईवरची होडी

"देवापुढं तोंड उघडायचं तर सावकाश उघड गो. आपल्या हातून फिटंल तेवढंच बोल. आणि बोललीस की फेड. मागं बघू नको."

सोनाबाईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आईचा हा आवाज माधुरीच्या कानात असा अवचित यायचा, की वाटावं ती मागच्या पडवीत तांदूळ पाखडत बसली आहे. आज तो आला तेव्हा माधुरीचा उजवा पाय हवेत होता. खाली चटई अंथरलेली होती, आणि चटईच्या पुढच्या टोकाला तिची मुलगी श्रुतिका पाय लांब करून, हातात पोछ्याची काठी आडवी धरून बसली होती.

"ये ना आई. माझ्या मागे बस. ही आपली कयाक."

माधुरीने पाय मागे घेतला.

"देवापुढचा दिवा बघून येते," ती म्हणाली. "वात सरकली असेल."

"अगं चटई आहे ती!" खुर्चीतून महिपत हसला. एसटीच्या डेपोत जन्मभर गाड्या सोडून निवृत्त झालेला माणूस. घरातही कोण कधी निघतं यावर त्याचं लक्ष असायचं. "बुडालीस तर पोछा आहेच, पुसून घेऊ."

"बाबा, हसू नका. तिथे चढतानाच माणसं पडतात. एक पाय टाकायचा, लगेच खाली बसायचं. उभं राहायचं नाही. आई, ऐकतेयस ना?"

देवघरातून "हो" आला. वात जागच्या जागी होती. माधुरी तिच्याकडे बघत उभी राहिली, हात पदरात गुंडाळून.

श्रावणातला रविवार होता. श्रुतिका पुण्याहून दोन दिवसांसाठी महाडला आली होती ती हे सगळं ठरवायलाच. दसरा झाला की नैनितालकडे जायचं. भीमताल, सातताल, नौकुचियाताल. गर्दीच्या तळ्यावर नाही, तर साततालच्या मागे झाडीत जी लहान तळी आहेत तिथे. पाणी हलतसुद्धा नाही म्हणे. सकाळी धुकं वर गेलं की नाव सोडायची, दुपारी काठावर येऊन जेवायचं, पुन्हा सोडायची. दोघींची एक कयाक, वल्ह्याची अरुंद होडी, मागे आई, पुढे लेक. भिंतीवरच्या खुंटीला तिने पुण्याहून आणलेलं पाण्यात तरंगवणारं नारिंगी जाकीट टांगलेलं होतं. माधुरीच्या मापाचं.

ही हौस नव्हती, हे घरात तिघांनाही माहीत होतं. एकवीस सालच्या पुरानंतर श्रुतिका भरलेली बादलीसुद्धा बघू शकत नव्हती. अर्ध्या बादलीवर अंघोळ. पावसाळ्यात गाडी पुलावर आली की डोळे मिटून घ्यायची. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला हळूहळू, बोटाबोटाने पाण्याजवळ नेलं. वर्षभर ती धरणाच्या काठाकाठाने वल्हवायला शिकत होती. काठ सुटला की मात्र हात थांबायचे.

"एकदा मला मधोमध जायचंय, आई," महिन्यापूर्वी ती फोनवर म्हणाली होती. "जिथे वाहतं पाणी नाही अशा ठिकाणी. मागे तू असशील तर जमेल. कोण आहे मागे हे मला कळलं पाहिजे. बसशील?"

आणि तुळशीला पाणी घालता घालता माधुरी म्हणून गेली होती, "बसेन गं बाई. बसेन."

सोनाबाईने जे करू नको म्हणून सांगितलं, ते तिने दुसऱ्यांदा केलं होतं.

पहिल्यांदा केलं ते पुराच्या संध्याकाळी. पाणी खालचा मजला गिळून जिन्याला लागलं होतं. समोरच्या येसूबाईंचं औषध घेऊन श्रुतिका निघाली, गल्लीतल्या पोरांनी पिंपं बांधून केलेल्या तराफ्यावर. मधल्या फाटकावर तराफा आपटला आणि उलटला. पोरं फाटकाला लटकली. श्रुतिका कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. गच्चीवर उभी माधुरी ओरडलीसुद्धा नाही. तिने कापड्याच्या दिशेला, माहेरच्या सोमजाईकडे तोंड केलं आणि एका दमात बोलली : आई, माझी पोर दे. पुन्हा कधी पाण्यावरच्या कशातही तिचा पाय पडू देणार नाही. तिचाही नाही, माझाही नाही.

सकाळी श्रुतिका चिखलातून अनवाणी चालत घरी आली. रात्र कुठे काढली, कशी काढली, काही बोलली नाही. माधुरीने विचारलं नाही. मिळाली ती मिळाली. पुढे नवरात्रात तिने देवीला साडी नेसवली, पण नवस काय बोलला ते कुणाला सांगितलं नाही. पोर पाण्याजवळ जाणारच नव्हती. मग सांगायचं कशाला? नवस आपसूक पाळला जात होता.

आता तीच पोर चटईवर बसून हाक मारत होती.

"आई! त्या होमस्टेवाल्याला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. दोघी ना नक्की?"

माधुरी बाहेर आली. चटईच्या कडेकडेने चालत खिडकीशी गेली.

"आधी कापड्याला जाऊन येऊ," ती म्हणाली. "एवढ्या लांबचा प्रवास. देवीला विचारल्याशिवाय नको."

"विचारायचंय की सांगायचंय?" महिपतने विचारलं.

तिने फडताळातून नारळ काढला. श्रुतिका लगेच उठली. "चला, मी नेते स्कूटरवर. तेवढं फिरणं होईल."

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला भातखाचरं. लावणी होऊन भात जोमात आलं होतं. माधुरी मागे बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि खण. एक हात लेकीच्या खांद्यावर. पूल आला तसा तो खांदा कडक झाला. पण श्रुतिकाने डोळे मिटले नाहीत. वेग कमी केला, पाण्याकडे एकदा बघितलं आणि गाडी पलीकडे नेली.

"बघितलंस?" ती वाऱ्यातून ओरडली.

"बघितलं," माधुरी म्हणाली. तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

सोमजाईचं देऊळ गावाच्या टोकाला, वर पत्रा, खाली शहाबादी. आत मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून श्रुतिका बाहेर रस्त्याच्या कठड्यावर बसली. माधुरी एकटीच आत गेली. श्रीपत गुरव घंटा पुसत होते. माहेरचं माणूस, हिला फ्रॉकमध्ये बघितलेलं.

"ये बाय. सोमवार सोडून आज कशी?"

"कौल लावायचाय, श्रीपतदादा."

श्रीपतदादांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तगरीच्या दोन कळ्या आणल्या, पाण्यात बुडवल्या आणि देवीच्या पाषाणावर एक उजव्या, एक डाव्या खांद्याला चिकटवली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लहानपणापासून तिने असंच बघितलं होतं. म्हशीपासून सोयरिकीपर्यंत गावाने सगळं या दोन खांद्यांना विचारलेलं.

"काय विचारायचं?"

"बोललेल्या नवसातून मोकळं करशील का, एवढंच."

त्यांनी गाऱ्हाणं घातलं. मग दोघं बसून राहिली. पत्र्यावरून थेंब पडत होते. कळ्या हलत नव्हत्या. समईची ज्योत एकदा वाकडी झाली. कळ्या तशाच.

"पाऊसकाळात वेळ लागतो," श्रीपतदादा म्हणाले.

ती मनातल्या मनात रोजचं स्तोत्र म्हणू लागली. ते संपलं. पुन्हा सुरू केलं. डावी कळी किंचित घसरल्यासारखी वाटली आणि तिच्या लक्षात आलं की ती कळी पडू नये म्हणून आपण देवीकडे नाही, कळीकडेच विनवणी करतो आहोत. तिला स्वतःची लाज वाटली.

बाहेरून श्रुतिकाचा आवाज आला. फोनवर कुणाशी तरी, तोडक्यामोडक्या हिंदीत. "हां भैया, शाम तक... दो लोग... मम्मी मंदिर में हैं."

"आई बोलत नाय," श्रीपतदादा हळूच म्हणाले. "नवस कुणाच्या अंगावर ठेवलास बाय?"

"माझ्या. आणि..." तिने दाराकडे बघितलं. "तिच्या पायावर."

"तिला ठाऊक हाय?"

माधुरीने मान हलवली. नाही.

श्रीपतदादा मांडी मोडून सरळ बसले. "मग कशी बोलंल देवी? मालक बाहेर बसलाय नि तू परस्पर सौदा मोडायला आलीस. आपल्याकडं तशी रीत नाय. ज्याच्या अंगावर ठेवलं त्याला समोर उभा करायचा, मग विचारायचं. सोनाकाकीनं सांगितलं नव्हतं काय तुला?"

सांगितलं होतं. हेही सांगितलं होतं. गच्चीवर त्या संध्याकाळी ती विसरली होती.

"आई, किती वेळ?" श्रुतिका दारात उभी होती, चपला हातात. "तो माणूस दुसऱ्यांना खोली देईल. काय झालं? तू रडतेयस?"

"बस इथं," श्रीपतदादा म्हणाले. "तुझी आई तुला काय तरी सांगणार हाय."

माधुरीने सांगितलं. हळू आवाजात, जमिनीकडे बघत. ती तशीच बोलायची नेहमी, भाजीवाल्याशीसुद्धा. पण आज एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागला. श्रुतिका ऐकत होती. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"माझ्या पायावर? मला न विचारता?"

"तू दिसत नव्हतीस गं. मी काय करणार होते?"

"तेव्हाचं नाही म्हणत मी. नंतर! नंतर इतकी वर्षं! मी अर्ध्या बादलीवर अंघोळ करत होते आणि तुला बरं वाटत होतं? नवस पाळला जातोय म्हणून?"

"असं बोलू नको."

"खरं सांग. देवीसमोर बसलीयस."

माधुरीने डोळे मिटले. "वाटत होतं," ती म्हणाली. "थोडं वाटत होतं."

श्रीपतदादा खाकरले, पण मध्ये पडले नाहीत.

"तुला माहितीये मी परत कशी आले?" श्रुतिकाचा आवाज आता फुटायला लागला. "कधी विचारलंस? तू विचारशील म्हणून मी किती दिवस वाट बघितली. मला आपणहून सांगता येत नव्हतं, आई. मी चालत नाही आले. मी झाडाला धरून होते, अंधार पडेपर्यंत. मग होडी आली. होडी! खाडीवरच्या दासगावचे नागसेनकाका, मशीन लावलेली होडी घेऊन उलट्या पाण्यातून वर आले होते. त्यांनी माझ्या केसांना धरून मला आत ओढलं. रात्रभर मी त्या होडीत होते, त्यांच्या पायाशी. आणखी माणसं काढत होतो आम्ही. पाणी ओसरल्यावर त्यांनी मला कोपऱ्यावर सोडलं, तिथून आले मी चालत."

माधुरीने तोंडावर हात ठेवला होता.

"तू कधी बोललीस नवस? तराफा उलटल्यावर ना? म्हणजे तू बोललीस, आणि त्यानंतर माझा पाय होडीत पडला. त्याच संध्याकाळी. पडला म्हणूनच मी आहे. मग सांग मला, कोणी मोडला तुझा नवस?"

श्रुतिकाने बाहीने नाक पुसलं.

"काका म्हणाले होते, पोरी, एकदा उजेडात ये होडीत बसायला, या पाण्याची ओळख अशी रात्रीची ठेवू नको. मी येते म्हटलं. अजून नाही गेले."

श्रीपतदादा एकदम उठले. "अगो बाय," ते म्हणाले.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर आता काही नव्हतं. दोन्ही कळ्या खाली, पाषाणाच्या पायाशी पडलेल्या, एकमेकींच्या शेजारी.

"आधी कोणची पडली?" माधुरीने विचारलं.

"मी नाय बघितली. मी तुमच्याकडं बघत होतो." म्हातारा कावराबावरा झाला होता. "देवीसमोर खोटं कसं सांगू? परत लावतो. आता पोर पण हाय समोर. लावू?"

माधुरी कळ्यांकडे बघत राहिली. आयुष्यभर ती विचारूनच पाऊल टाकत आली होती. उपास कधी सोडायचा, पापड कधी घालायचे, लेकीला पुण्याला कधी धाडायचं. आणि त्या संध्याकाळी देवीने न विचारता होडी धाडली होती, तेही लेकीचा पाय तिच्यात पडणार हे माहीत असून.

"नको दादा," ती म्हणाली. "पुन्हा नको विचारायला."

तिने खण-नारळ देवीपुढे ठेवला, डोकं टेकवलं, आणि उठली तेव्हा श्रुतिका देवळात नव्हती. बाहेर स्कूटर चालू झाली होती, आणि तिचा फोनवरचा आवाज येत होता.

"हां भैया. नहीं, दो नहीं. एक. एक ही आदमी आएगा."

परतताना माधुरीने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची लोखंडी कडी धरून बसली. पूल आला. या वेळी श्रुतिकाने वेगही कमी केला नाही.

घरी महिपतने दोघींची तोंडं बघितली आणि चहा टाकला. संध्याकाळी श्रुतिका खोलीत गेल्यावर माधुरीने त्याला सगळं सांगितलं. तो रिकामा कप बोटांत फिरवत होता.

"एवढं मोठं एकटीने वागवलंस," तो म्हणाला. "मला सांगितलं असतंस तर मी काय, हसलो असतो फार तर."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हं." त्याने कप खाली ठेवला. "एकटी जाईल ती. पण काठाकाठानेच फिरून येईल बघ. मधोमध नाही जायची."

"माहीत आहे मला."

"मग?"

चटई अजून तशीच पसरलेली होती, पोछ्याची काठी तिच्यावर आडवी. कुणाच्याच मनात ती गुंडाळायचं आलं नव्हतं.

सोमवारी उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता. माधुरीने अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पोथीचा रोजचा अध्याय वाचला. श्रावणी सोमवार, उपास होता. नेहमीच्या नेमातलं काही चुकलं नाही, फक्त आज तिने सगळं जरा आधी उरकलं. श्रुतिकाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पंखा फिरत होता.

ती चटईपाशी आली. काठी उचलून भिंतीला लावली. मग पदर खोचला आणि उजवा पाय चटईवर ठेवला. डावा ठेवला आणि लगेच खाली बसली, उभी न राहता. पुढची जागा रिकामी होती. तिथे पाय लांब करून बसलेल्या पोरीच्या पाठीएवढं अंतर तिने डोळ्यांनी मोजून घेतलं. गुडघे दुखले. हाताला धरायला काही नव्हतं. चटईच ती, तरी कपाळाला घाम आला.

उठून तिने खुंटीवरचं नारिंगी जाकीट काढलं. घडी होत नव्हती, तसंच पिशवीत कोंबलं. वर एक नारळ, हळदीकुंकवाची पुडी, आणि श्रुतिकासाठी केलेल्या रव्याच्या लाडवांतले चार लाडू, त्या होडीवाल्यासाठी.

महिपत दारात दात घासत उभा होता. पिशवीतून डोकावणारं नारिंगी टोक त्याने बघितलं.

"कुठे?"

"दासगावला. नागसेन म्हणून कुणी आहेत, धक्क्यावर विचारते."

"कशाला?"

"बसायला शिकायचंय," ती म्हणाली. "तिला मी बसेन म्हटलंय."

"तिने तर एकटीचं सांगून टाकलंय."

"तिने तिचं सांगितलं. माझं मी सांगितलेलं आहे." तिने चपला पायात सरकवल्या. "उठली की चहा दे तिला. बिस्किटं डब्यात आहेत. कुठे गेले विचारलं तर सांग, आणि नाही विचारलं तर नको सांगू."

महिपतने तोंडातला फेस थुंकला, काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "छत्री घे," एवढंच म्हणाला.

नाक्यावर वीर स्टेशनची रिक्षा भरत होती. मागे एक बाई मासळीची रिकामी पाटी घेऊन बसली होती. ती सरकली.

"वीर ना ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही," माधुरी म्हणाली. "वाटेत दासगावला सोडा. होड्या लागतात तिथे."

तिने पिशवी मांडीवर घेतली, जाकिटाचं टोक पदराखाली झाकलं, आणि रिक्षा हायवेला लागली.